स्टेशनबाहेरची माणसं: तुमचे अनुभव लिहा

तलावपाळीकर:
आज वाशी स्टेशनबाहेर एक आजी जुन्या पेपरची घडी घालत होत्या. कोपऱ्याला कोपरा जुळवून, वर नखाने दाबून. ठाण्यातल्या तलावपाळीवरची मावशी आठवली. सातवीत असेन. आम्ही पोरं लांबून 'ए येडे' ओरडून पळायचो. आईने एकदा पाहिलं, चार फटके दिले आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन मलाच पाठवलं. मावशीने पोळ्या मोजल्या, अर्धी माझ्या हातावर ठेवली. "शाळेत जायचंय ना तुला?" पावसाळ्यानंतर दिसलीच नाही. नाव कधी विचारलं नव्हतं. तुम्हाला कोणी आठवतंय?

निशाचर:
आमच्या नाक्यावर एक काका फाडफाड इंग्रजी बोलायचे. म्हणे बँकेत मॅनेजर होते, बायकोने फसवलं. हीच गोष्ट डोंबिवलीतही ऐकलीय, तिकडे ते प्रोफेसर होते 😄

घोडबंदरवाली:
सोसायटीच्या गेटबाहेर एक जण झोपायचा. ग्रुपवर 'हटवा हटवा'. मीपण अंगठा दिला होता. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

खिडकीवाला:
हटवून जाणार कुठे? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम १०० आहे. अशा भटकणाऱ्या रुग्णाला २४ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात नेणं पोलिसांचं काम, लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. मी फोन केला तर पहिला प्रश्न, पुलाच्या अलीकडे की पलीकडे? हद्द ठरेपर्यंत माणूस उठून गेला.

मिसळप्रेमी:
ठाणेकर असल्याचा त्रास वेगळाच. कॉलेजात ठाण्याचं नाव सांगितलं की 'सुट्टी मिळाली वाटतं?' १९०१ पासूनचं मेंटल हॉस्पिटल आहे इथे, विनोदही तेवढाच जुना.

साधीच:
मिसळप्रेमी, माझा काका तिथे होता, म्हणून हसू येत नाही. राग नाही तुमच्यावर. गोळ्या बंद केल्या की घरातून निघून जायचा. एकदा चार महिने पत्ता नाही. सापडला तेव्हा पायात दोन वेगळ्या चपला, आणि खिशात आमच्या घराची किल्ली. कुलूप आम्ही बदललं होतं.

मिसळप्रेमी:
सॉरी ताई.

खिडकीवाला:
कर्जतला डॉ. भरत वाटवानींची श्रद्धा संस्था अशांना बरं करून घरी पोचवते. २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांनाही मिळालाय.

घोडबंदरवाली:
आले. आजी नक्की कुठे बसतात? मी ८ ला वाशीला उतरते. चहा घेतील का?

तलावपाळीकर:
रिक्षा स्टँडच्या बाजूला. बिनसाखरेचा न्या. मी साधा नेला तर परत केला, शुगर आहे म्हणाल्या.