नवरा-बायकोतील ताणासाठी ऑनलाइन समुपदेशनाचा खरोखर उपयोग होतो का?

सातारची वाचक

नमस्कार. आमच्या लग्नाला सात वर्षे झाली असून आम्हाला पाच वर्षांचा मुलगा आहे. मी साताऱ्यात सासू-सासऱ्यांसोबत राहते व एका पतसंस्थेत नोकरी करते. यजमान पुण्यात हिंजवडीला नोकरीला आहेत, ते शनिवारी येतात आणि रविवारी रात्री परत जातात. गेल्या दीड वर्षात आमचे बोलणे मुलाची फी, घराचा हप्ता आणि आईंची औषधे एवढ्यापुरतेच उरले आहे. शनिवारी ते दारात चपला काढत असतानाच एखादा विषय निघतो, ते गप्प होतात, ते गप्प झाले की मी अधिकच बोलत राहते, आणि रविवार तसाच सरतो.

मला हल्ली पहाटे तीनला जाग येते आणि पुन्हा झोप लागत नाही. आमच्या डॉक्टरांनी रक्तदाब आणि थायरॉइड तपासून दोन्ही ठीक असल्याचे सांगितले व समुपदेशकाशी बोलण्याचा सल्ला दिला. आम्ही दोघे दोन गावांत असल्यामुळे ऑनलाइनच जमण्यासारखे आहे, आणि इथे कोणाच्या दवाखान्याची पायरी चढले तर संध्याकाळपर्यंत ती गोष्ट घरी पोहोचेल. परंतु पडद्यावर दिसणाऱ्या अनोळखी व्यक्तीशी संसाराविषयी बोलून काही साधते का, योग्य व्यक्ती कशी ओळखावी, आणि एकत्र कुटुंबात असे बोलायचे तरी कुठे बसून, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

नाशिककर

ताई, तुमचा तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण आमचे पहिले तीन महिने त्याच्यामुळेच वाया गेले. मी आतल्या खोलीत दार लोटून बोलत असे, पण बाहेर आई भाजी निवडत बसलेली असे आणि तिचे हात थांबले की मला ते जाणवत असे. समुपदेशकांनी काहीही विचारले की मी ‘तसे ठीक आहे’ असेच उत्तर देई. शेवटी त्यांनीच विचारले, तुम्ही आत्ता मोकळेपणाने बोलू शकता का? त्यानंतर मी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे प्लास्टिकची खुर्ची नेऊन, कानाला हेडफोन लावून बसू लागलो आणि त्या आठवड्यात प्रथमच खरे काय ते बोललो.

आम्ही आधी एका अ‍ॅपवर पैसे भरले होते. तिथे दोन महिन्यांत तीन समुपदेशक बदलले आणि प्रत्येकासमोर साखरपुड्यापासून सगळे पुन्हा सांगावे लागले. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की पैसे भरण्यापूर्वी तीच व्यक्ती शेवटपर्यंत राहणार का, हे विचारून घ्यावे.

उपयोग होतो का, या प्रश्नाला आमच्यापुरते उत्तर ‘हो’ असे आहे. तुम्ही लिहिलेले चित्र, म्हणजे एकाने विषय लावून धरायचा आणि दुसऱ्याने गप्प होत आत जायचे, हे हुबेहूब आमचेच होते. दोघांपैकी चूक कोणाची हे ठरवण्याऐवजी आमच्या समुपदेशकांनी आम्हाला तो फेरा ओळखायला शिकवले. बायकोच्या आवाज चढण्यामागे ‘हा माझ्यापासून दूर चालला आहे’ ही भीती होती आणि माझ्या गप्प बसण्यामागे ‘मी काही बोललो तर आणखी बिघडेल’ ही. सहा वर्षे एका छताखाली राहून ही गोष्ट आम्हाला एकमेकांना सांगता आली नव्हती. त्यांनी दिलेला एक नियम आम्ही अजून पाळतो: बाहेरून घरी आलेल्या माणसाशी पहिला अर्धा तास पैसे, मूल आणि नातेवाईक यांविषयी बोलायचे नाही. चहा प्यायचा, एवढेच.

समुपदेशक, ठाणे

मी या क्षेत्रात काम करते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. नुसत्या ‘समुपदेशक’ या पाटीवरून शिक्षण किती झाले आहे हे कळत नाही. मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतलेले लोक ती लावतात आणि काही आठवड्यांचा अभ्यासक्रम केलेलेही लावतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक त्रासाची तपासणी आणि बोलण्यातून उपचार करणारे मानसशास्त्रज्ञ, असतील तर त्यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात कोणताही अवमान नाही. औषधे मात्र मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे वैद्यकीय पदवी असलेले डॉक्टरच देऊ शकतात. मार्च 2020 मध्ये दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे आल्यापासून तेही व्हिडिओवर तपासू शकतात, अर्थात काही औषधांवर बंधने आहेत.

तुमच्या पत्रातील ‘पहाटे तीनला जाग येते’ या वाक्याकडे मी विशेष लक्ष देईन. असे कित्येक आठवडे चालले असेल, शिवाय भूक मंदावली असेल, कशातच मन रमत नसेल, तर तो केवळ संसारातील ताण नसून नैराश्याची सुरुवातही असू शकते, आणि मग जोडीने समुपदेशन सुरू करताना तुमची स्वतंत्र तपासणीही व्हायला हवी. रात्री असह्य झाले, किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात डोकावला, तर 14416 या क्रमांकावर टेली-मानसची विनामूल्य सेवा चोवीस तास आहे. केंद्र सरकारने ती ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केली आणि तिथे मराठीतून बोलता येते.

पहिल्याच भेटीत आणखी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या. दोघांपैकी एकाने एकट्याने सांगितलेली गोष्ट दुसऱ्यापासून गुप्त राहणार की नाही, याबाबत प्रत्येकाची पद्धत वेगळी असते आणि ती नंतर कळली तर विश्वास तुटतो. तसेच घरात मारहाण किंवा धाक असेल, तर जोडीने बसणे धोक्याचे ठरते, कारण सत्रात निघालेल्या शब्दाची किंमत कॉल बंद झाल्यावर मोजावी लागते. तसे असल्यास आधी एकट्याने बोलावे.

मराठीतून मदत मिळणार नाही, ही भीती नको. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली, आणि ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये सुरू केलेल्या संस्थेसारखी कामे आपल्याकडे दीर्घकाळ चालू आहेत.

एडिसनहून

वरच्या शेवटच्या मुद्द्याला माझा मनापासून दुजोरा. अमेरिकेत सर्वसाधारणपणे आपण ज्या राज्यात बसलो आहोत तेथील परवाना असलेल्या थेरपिस्टकडेच जावे लागते, त्यामुळे माझी थेरपिस्ट इंग्रजी बोलणारी होती. बाई अतिशय चांगल्या; परंतु सासूबाईंचे टोमणे म्हणजे नेमके काय, रुसणे आणि रागावणे यांत फरक कोणता, हे समजावण्यातच अर्धा तास जाई. तुम्हाला मराठीची सोय आहे, ती सोडू नका.

अ‍ॅप निवडताना माहितीच्या गोपनीयतेची अट नीट वाचा. बेटरहेल्प या मोठ्या कंपनीने ग्राहकांची आरोग्यविषयक माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना दिल्याचा ठपका तेथील व्यापार आयोगाने ठेवला आणि 2023 मध्ये तिला 78 लाख डॉलर देण्यास भाग पाडले.

सातारची वाचक

सर्वांची मी ऋणी आहे. भूक आणि मन रमण्याविषयीचे प्रश्न वाचून मी बराच वेळ तशीच बसले, कारण दोन्हींची उत्तरे ‘हो’ अशी आहेत; त्यामुळे आधी मानसोपचारतज्ज्ञांची स्वतंत्र वेळ घेतली आहे. नाशिककरांचा मजकूर मी यजमानांना रात्री पाठवला. त्यावर त्यांनी एवढेच लिहिले, ‘गप्प बसण्याचे कारण बरोबर आहे.’ जोडीने पहिले सत्र गुरुवारी सायंकाळी साडेसहाला ठरले आहे. ते पार्किंगमध्ये गाडीत बसून बोलतील, आणि पतसंस्था सहाला बंद होत असल्याने मी तिथल्याच नोंदवह्यांच्या खोलीत थांबेन. किल्ली माझ्याकडेच असते आणि आमच्या व्यवस्थापक बाईंनी कारण न विचारता परवानगी दिली आहे.