स्ट्रटवरची स्प्रिंग दाबताना हूक सरकला आहे. आता पुढे काय करावे?

प्रश्न : नवा_पाना

माझ्या गाडीच्या पुढच्या डाव्या शॉक ॲब्सॉर्बरमधून तेल गळू लागल्यामुळे तो बदलण्याचे काम मी स्वतःच हाती घेतले आहे. गाडी जॅक स्टँडवर टेकवून, चाक काढून पूर्ण स्ट्रट, म्हणजे शॉक आणि त्याच्याभोवतीची स्प्रिंग यांचा एकत्र जोड, खाली उतरवण्यापर्यंत काही अडचण आली नाही. त्यानंतर दोन सुट्या दांड्यांचा आणि हूकचा जो साधा स्प्रिंग कॉम्प्रेसर मिळतो, तो मी समोरासमोर लावला आणि दोन्ही बोल्ट आळीपाळीने आवळू लागलो. दोन बोटे अंतर कमी झाले असेल-नसेल, तोच एका बाजूचा वरचा हूक वेढ्यावरून घसरत साधारण एक इंच सरकला, त्याचा दांडा तिरका झाला आणि सरळ असलेल्या स्प्रिंगला स्पष्ट बाक आला. मी तिथेच हात थांबवला. वरच्या माउंटिंगमधल्या नटाला अजून पाना लावलेला नाही.

सरकलेला हूक हातोडीने हलकेच ठोकून परत जागेवर आणता येईल का? की आणखी थोडे आवळले तर तो आपोआप घट्ट बसेल? हूक सरकलाच का, हेही मला समजून घ्यायचे आहे, कारण सगळे सोडवून पुन्हा लावले तरी तेच होणार असेल तर उपयोग नाही. वस्तू समोर पडलेली आहे आणि तिला हात लावण्याची मला मनापासून भीती वाटते आहे.

उत्तर १ : सावकाश_आवळा

सर्वांत आधी, तुम्ही थांबलात हे योग्यच केले. हातोडी मुळीच चालवू नका आणि आणखी आवळूही नका. भार असलेला हूक ठोकला तर तो जागेवर येण्याऐवजी सुटण्याची शक्यता जास्त असते. आवळत गेलात तर बाक वाढतो, बाक वाढला की हूकवर येणारे बळ अधिक तिरके होते आणि तो अधिकच घसरतो.

तुमच्या बाजूची मोठी गोष्ट म्हणजे मधला नट अजून जागेवर आहे. स्ट्रट गाडीबाहेर काढल्यावरही स्प्रिंग पूर्ण मोकळी नसते. खालची बैठक आणि वरचे माउंटिंग यांच्यामध्ये ती मुळातच दाबून बसवलेली असते, आणि तो दाब एकटा हा नट रोखून धरतो. तो आहे तोवर कॉम्प्रेसर पूर्ण निसटला, तरी स्प्रिंग आपल्या बैठकांमध्येच परत ताणली जाईल. उडण्याचा धोका आहे तो दांड्याला आणि हूकला, आणि तेही बाजूच्या दिशेने.

म्हणून स्ट्रटचा खालचा कान मोठ्या व्हाइसमध्ये पक्का धरा. डोळ्यांवर गॉगल हवाच. दोन्ही दांडे तुमच्या डाव्या-उजव्या हाताला येतील असे मधल्या बाजूला उभे राहा, चेहरा किंवा छाती कोणत्याही दांड्यासमोर येऊ देऊ नका आणि लांब दांडीचा पाना वापरा, म्हणजे हात वेढ्यांपासून दूर राहील. प्रत्येक बोल्ट अर्धा-अर्धा फेरा, आळीपाळीने सोडा. जो तिरका झाला आहे तोच आधी पूर्ण सोडून टाकावा असा मोह होईल. पण तसे केल्यास सगळा भार दुसऱ्या दांड्यावर जातो आणि मग तोही सरकतो. तिरका दांडा सोडताना ‘कट’ असा आवाज येऊन हूक थोडा मागे सरकू शकतो, त्याने दचकू नका. पण हूकचे टोकच वेढ्याच्या कडेवर आलेले दिसले, तर हात मागे घ्या आणि ज्यांच्याकडे स्टँडवर बसवलेला, मोठ्या जबड्यांचा कॉम्प्रेसर आहे अशांकडे तो स्ट्रट न हलवता कसा द्यायचा ते आधी विचारा.

भीती वाटते असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून तिचे माप सांगतो. उदाहरणासाठी, एक मिलिमीटर दाबायला २५ न्यूटन लागतात अशी स्प्रिंग घेऊ. ती तिच्या मोकळ्या लांबीपासून एकूण १५० मिलिमीटर दाबली, तर तिचे बळ ३७५० न्यूटन, म्हणजे सुमारे ३८० किलो वजनाइतके होते. आणि तिच्यात साठलेली ऊर्जा सुमारे २८० जूल भरते, म्हणजे १० किलोचे वजन जवळजवळ २.९ मीटर उंचीवरून पडावे तितकी. दाब निम्म्यावर आणला तर बळ निम्मे होते, पण साठलेली ऊर्जा चौथाईवर येते. म्हणूनच गरजेपेक्षा एक फेराही जास्त आवळू नये.

उत्तर २ : गॅरेजातली_२०_वर्षे

सोडवण्याची पद्धत वर नीट सांगितली आहे. हूक का सरकला याबद्दल मी लिहितो, कारण माझ्या अनुभवात दांडा तुटण्याचे प्रसंग क्वचित येतात आणि हूक घसरण्याचे पुष्कळ.

स्प्रिंगचा वेढा सपाट नसून उताराचा असतो, त्यामुळे खाली ओढला जाणारा वरचा हूक त्या उतारावरून घसरायला बघतो. त्याला रोखते ते केवळ घर्षण. तुमच्या शॉकमधून तेल गळत होते असे तुम्ही लिहिले आहे; त्या तेलाचा अगदी पातळ थर धुळीत मिसळून वेढ्यांवर बसलेला असणार, जो डोळ्यांना दिसत नाही पण बोट फिरवले की काळा होऊन लागतो. आधी वेढे आणि हूकची आतली बाजू ब्रेक क्लीनरने पुसून पूर्ण कोरडी करा. ग्रीस लावायचे ते फक्त दांड्याच्या आट्यांना, आणि लावताना ते हूककडे जाऊ द्यायचे नाही. हूकखाली फडके घालण्याची सवय काहींना असते, ती सोडून द्यावी. फडके दाबाखाली फिरते आणि हूकला पूर्ण बसू देत नाही. हूकबरोबर त्याच्या मापाचे रबरी किंवा प्लास्टिकचे आवरण आले असेल, तर ते मात्र वापरावे.

दुसरे कारण अंतराचे. दोन दांडे नेमके समोरासमोर नसतील, तर ज्या बाजूला त्यांच्यातले अंतर जास्त आहे तिकडची स्प्रिंग दबत नाही, फुगते, आणि बाक येतो. हूक जितके दूरचे वेढे पकडतील तितके चांगले, कारण मग तेवढाच दाब अधिक वेढ्यांत वाटला जातो. फक्त माउंटिंग निघताना हूक त्याला अडणार नाही इतकी जागा ठेवावी. काही स्प्रिंगांचे मधले वेढे रुंद आणि टोकाचे अरुंद असतात, तिथे मोठ्या गोलाईचा हूक अरुंद वेढ्यावर फक्त दोन बिंदूंवर टेकतो. असा हूक कितीही घट्ट वाटला तरी तो बसलेला नसतो. काही स्प्रिंगा तर कारखान्यातूनच किंचित वाकड्या येतात, म्हणून काम सुरू करण्यापूर्वी बाजूने एक फोटो काढून ठेवावा. पुढे दिसणारा बाक मूळचा की नवा, हे त्यावरून कळते.

हूकला आडवी पिन किंवा बंद करण्याची पट्टी असेल, तर ती प्रत्येक वेळी लावायचीच. फार वर्षांपूर्वी मी ज्या कारखान्यात काम करत होतो, तिथल्या कॉम्प्रेसरची एक पिन हरवलेली होती आणि सगळे तसेच काम रेटत होते. एका दुपारी हूक वेढ्यावरून निसटला आणि दांड्यासकट समोरच्या लोखंडी कपाटावर आदळला. कपाटाच्या पत्र्यात मूठभर खड्डा पडला. पाच मिनिटांपूर्वी आमचा एक शिकाऊ मुलगा तिथेच उभा होता. त्या दिवसापासून पिन नसलेला कॉम्प्रेसर मी हातात घेतलेला नाही.

एक छोटी युक्ती सांगतो. सगळे हूक बसवून हातानेच बोल्ट टेकवले, की प्रत्येक हूकच्या कडेला वेढ्यावर खडूची बारीक रेघ ओढा. मग दर दोन फेऱ्यांनंतर रेघेकडे बघा. हूक आणि रेघ यांच्यात दोन मिलिमीटरची फट दिसली, तरी थांबायचे, सोडायचे आणि पुन्हा लावायचे. तुमचा हूक इंचभर सरकेपर्यंत तुमच्या लक्षात आले नाही. रेघ असती तर ते पहिल्या काही फेऱ्यांतच कळले असते.

उत्तर ३ : रविवारचा_मेकॅनिक

मी नेहमी स्प्रिंगभोवती जाड दोर गुंडाळतो आणि इम्पॅक्ट गनने आवळतो, काम पाच मिनिटांत होते. आजवर काही झालेले नाही. दोर बांधला असेल, तर एवढी काळजी करण्याची गरज आहे का?

उत्तर ४ : गॅरेजातली_२०_वर्षे

दोर किंवा साखळी बांधण्याला माझा विरोध नाही, पण तिच्यावर विसंबण्याला आहे. स्प्रिंग दबत जाते तसा बांधलेला दोर सैल पडत जातो, आणि नेमक्या धोक्याच्या क्षणी तो काही इंच ढिला असतो. तेवढ्या अंतरात स्प्रिंगने वेग घेतलेला असतो. साखळी वापरायचीच असेल तर दाबून झाल्यावर, ढील राहणार नाही अशी बांधावी.

इम्पॅक्ट गनबद्दल मात्र माझे मत ठाम आहे. या दांड्यांचे आटे भाराखाली फिरतात. गनच्या वेगाने ते तापतात, धातू धातूला चिकटतो आणि नट अर्ध्या वाटेत जाम होतो. मग स्प्रिंग दबलेली आणि दांडा ना पुढे ना मागे, अशा स्थितीत तुम्ही अडकता. शिवाय हाताने आवळताना पान्यातून जे कळते, म्हणजे एक बाजू अचानक हलकी लागणे किंवा आटा करकरणे, ते गन चालवताना कळत नाही. आणि तुमचे आजवर काही झालेले नसले, तरी तुमच्या कॉम्प्रेसरचे आटे एकदा वायर ब्रशने साफ करून उजेडात पाहा; कुठे आट्यांमधले अंतर ताणलेले किंवा कडा चपट्या झालेल्या दिसल्या, तर तो दांडा बाद करा.

नवा_पाना

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी अर्धा-अर्धा फेरा करत सगळे सोडवले. मध्ये एकदा ‘कट’ असा आवाज खरोखरच झाला, पण आधी सांगितलेले असल्यामुळे हात स्थिर राहिला. सरकलेल्या हूकच्या आत बोट फिरवले तर ते काळे झाले, म्हणजे कारण तेलाचेच होते. आज सगळे पुसून, रेघा ओढून, पिना लावून पुन्हा दाबले आणि या वेळी एकही हूक हलला नाही. स्प्रिंग खालच्या बैठकीत हाताने थोडी फिरू लागली आहे. आता मधला नट काढणे सुरक्षित आहे ना? आणि नवा शॉक दोन दिवसांनी मिळणार आहे, तोवर स्प्रिंग अशीच दाबून कोपऱ्यात ठेवली तर चालेल का?

उत्तर ५ : सावकाश_आवळा

स्प्रिंग बैठकीत हाताने हलते, याचा अर्थ माउंटिंगवर आता तिचा भार नाही. नट काढण्याची खरी खूण हीच आहे. तरीही स्ट्रटच्या सरळ रेषेत, म्हणजे वरच्या टोकासमोर, उभे राहू नका. शॉकचा रॉड ॲलन कीने धरून नट रिंग पान्याने सोडा. रॉडला पकडीने कधीही धरू नका. त्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावर ओरखडा पडला की सील फाटते आणि नवा शॉकसुद्धा गळू लागतो.

परंतु नवा शॉक हातात नसेल, तर आज नट काढूच नका. दाबलेली स्प्रिंग दोन दिवस कोपऱ्यात ठेवणे मला अजिबात मान्य नाही. कोणाचा तरी पाय लागतो, कोणी तरी ती उचलायला जाते, आणि त्या व्यक्तीला आत काय साठले आहे हे माहीतच नसते. सुट्या झालेल्या स्प्रिंगचा कॉम्प्रेसर नंतर सोडवू म्हणावे, तर तिथेही एक फसगत आहे. तुम्ही हूक लावलेत तेव्हा स्प्रिंग स्ट्रटमध्ये आधीच अर्धवट दबलेली होती. बाहेर काढून सोडताना ती त्याहून बरीच लांब होते, आणि दांड्याला तेवढा आटा शिल्लक नसेल, तर ताण संपण्यापूर्वीच आटा संपतो आणि हूक सुटतो. म्हणून आत्ता नट जसा आहे तसाच घट्ट ठेवून, दोन्ही बोल्ट आळीपाळीने सोडून कॉम्प्रेसर काढून घ्या. स्ट्रट पुन्हा आपला भार आपणच सांभाळेल आणि निश्चिंतपणे पडून राहील. नवा शॉक आला की खडूच्या त्याच रेघांवर हूक लावून पुन्हा दाबा.

जोडताना नव्या शॉकचा रॉड पूर्ण बाहेर ओढून घ्या, बम्प स्टॉप (रॉडवरचा धक्का झेलणारा मऊ ठोकळा) आणि धुळीपासून बचावाचे आवरण विसरू नका, आणि नट नवाच वापरा, कारण हा स्वतः अडकून राहणारा नट एकदा काढल्यावर तशी पकड देत नाही. नट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या ठरलेल्या जोराला) आवळून झाल्याशिवाय कॉम्प्रेसर सोडायला सुरुवात करायची नाही. सोडताना स्प्रिंगचे खालचे टोक बैठकीच्या खोबणीतल्या टेकणाला लागते आहे का, ते दर काही फेऱ्यांनी बघा. ते टोक टेकणावर चढले, तर पुन्हा दाबूनच जागेवर आणावे लागते. उजव्या बाजूचा शॉकही याच वेळी बदला, म्हणजे दोन्ही चाके सारखीच दबतील, आणि गाडी चालवण्याआधी चाकांचे अलाइनमेंट तपासून घ्या.

नवा_पाना

समजले. नटाला हात लावलेला नाही, कॉम्प्रेसर सोडवून बाजूला ठेवला आहे आणि उजवा शॉकही मागवला आहे.