सुरुवातीच्या पाचही जणी गेल्या, तरी ३८-० (३८ विजय, शून्य पराभव)

काही जण म्हणतात की अमेरिकेतल्या महिला कॉलेज बास्केटबॉलमध्ये २०२३-२४ चा साउथ कॅरोलिना विद्यापीठाचा अपराजित मोसम म्हणजे त्यांच्या एकट्या उंच कार्डोसोच्या उंचीची कमाल. अर्धंच पटतं. अंतिम सामन्यात तिचे १५ गुण, १७ रिबाउंड (हुकलेले फेक पकडणं), म्हणजे तिच्याशिवाय काही खरं नव्हतं. पण आदल्या मोसमात हीच कार्डोसो बेंचवरून, म्हणजे राखीव म्हणून, यायची, हे विसरू नका. त्या मोसमातला संघ ३६-० असताना उपांत्य फेरीत आयोवा विद्यापीठाकडून ७७-७३ असा हरला. नंतर सामन्याची सुरुवात करणाऱ्या पाचही जणी संघातून गेल्या आणि प्रशिक्षक डॉन स्टेलीने संघ उभा केला तो मुख्यतः आधीच्या राखीव फळीतून.

मला तरी खरा आकडा वाटतो तो आयोवाविरुद्धच्या अंतिम सामन्यातला बेंचच्या गुणांचा हिशोब: ३७ विरुद्ध शून्य. आयोवाच्या राखीव खेळाडूंना एकही गुण नाही! आयोवाची स्टार खेळाडू क्लार्कने पहिल्याच क्वार्टरमध्ये १८ गुण ठोकले होते. (तेव्हा वाटलं, यंदाही गेला सामना.) पण समोरून ताज्या दमाच्या मुली येतच राहिल्या. कॉलेजच्या पहिल्याच वर्षाला असलेल्या साउथ कॅरोलिनाच्या टेसा जॉन्सनने बेंचवरून येऊन १९ गुण केले, संघात सर्वाधिक. निकाल ८७-७५. उंची होतीच, पण आयोवा दमली ती या राखीव खेळाडूंच्या रांगेपुढे.