विषय: नागपूरला बाबांची जुनी वॅगन आर, ॲव्हरेज १५ वरून १० वर, मदत हवी

प्रेषक: न्यू जर्सी (मूळ त्रिमूर्ती नगर, नागपूर)

नमस्कार मंडळी,

कोजागरीच्या धाग्यात मध्येच गाडीचा प्रश्न टाकतोय. या ईमेल यादीवर नागपूरकर बरेच आहेत आणि गाड्यांमधलं कळणारेही आहेत, म्हणून विचारतो.

बाबांकडे २००८ ची वॅगन आर आहे, पेट्रोलची, एमएच ३१ पासिंग. फार चालत नाही. खामल्याला भाजी, धरमपेठेत बँक, कधी आईला दवाखान्यात आणि महिन्यातून एखाद वेळी बुटीबोरीला आत्याकडे. गावात १४-१५ चा ॲव्हरेज द्यायची. गेल्या वर्षभरात तो दहावर आला. बाबा फोनवर दरवेळी हेच सांगतात, "गाडी पेट्रोल पिऊन राहिली बाप्पा."

घराजवळच्या गॅरेजमध्ये प्लग बदलून झाले, एअर फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ केले. प्रत्येक वेळी बिल झालं, फरक काही पडला नाही. आता मेकॅनिक म्हणतो, "काका, पेट्रोलमध्ये इथेनॉल आलं, आता हे असंच राहणार. काढून टाका गाडी." बाबांना काढायची नाही. पंधरा वर्षं झाली तेव्हा फिटनेस करून रजिस्ट्रेशन वाढवून घेतलंय, आणि आईच्या गुडघ्यांना ही उंच सीट बरी पडते. खाली वाकून बसायच्या गाडीत तिला चढउतर होत नाही.

एक गोष्ट मला कळत नाही. उन्हाळ्यात एसी असतो, तेव्हा पेट्रोल जास्त लागणार हे समजतं. पण बाबांच्या वहीत डिसेंबर-जानेवारीचा आकडा मे महिन्यापेक्षा खाली आहे. थंडीत तर एसी बंदच असतो.

इथून काय करता येईल? का सरळ नवीन गाडी बुक करू?

---

प्रेषक: मिशिगन

नमस्कार,

इथेनॉलबद्दल तेवढं लिहिते, बाकीचं मेलबर्नचे काका सांगतीलच.

इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी असते. सध्या पंपावर मिळणाऱ्या ई-२० पेट्रोलमध्ये ते वीस टक्के. म्हणजे एका लिटरमागची ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही तोच अंदाज आहे: शुद्ध पेट्रोलसाठी बनलेल्या आणि ई-१० वर जुळवलेल्या चारचाकीला ई-२० वर ६ ते ७ टक्के फटका. बाबांच्या गाडीचा १५ चा ॲव्हरेज यामुळे १४ वर येईल. १० वर येणार नाही. तेहतीस टक्के घट इथेनॉलच्या खात्यावर मांडणं हे हिशेबात बसतच नाही.

एअर फिल्टर बदलून फरक पडला नाही याचं मला नवल वाटत नाही. अमेरिकेत ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने २००९ मध्ये हे तपासलं होतं. इंजेक्शनच्या गाड्यांत फिल्टर तुंबला तरी कॉम्प्युटर हवेच्या मानानेच पेट्रोल सोडतो, त्यामुळे ॲव्हरेज जवळपास तेवढाच राहतो, फक्त पिकअप कमी होतो. कार्ब्युरेटरच्या गाड्यांची गोष्ट वेगळी. आपल्याकडचे बरेच मेकॅनिक त्याच गाड्यांवर शिकलेले आहेत, म्हणून पहिला हात फिल्टरकडे जातो.

एक मात्र नक्की करा. ही गाडी ई-२० साठी बनलेली नाही. पेट्रोलच्या रबरी नळ्यांना चिरा पडल्यात का, बॉनेटखाली किंवा मागच्या सीटजवळ पेट्रोलचा वास येतो का, हे बघायला सांगा. ॲव्हरेजपेक्षाही आधी आगीच्या भीतीसाठी.

---

प्रेषक: मेलबर्न (एसटी वर्कशॉप, हिंगणा, सेवानिवृत्त)

चि. यास आशीर्वाद,

सध्या लेकीकडे आलोय म्हणून उत्तराला उशीर. नोकरी सगळी बसगाड्यांत गेली, पण निवृत्तीनंतर लक्ष्मी नगरातल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मारुत्या बऱ्याच पाहिल्या. गाडी विकायची घाई करू नको. ताईने गणित मांडलंय तेच खरं. एवढा ॲव्हरेज पडतो तेव्हा गाडीत दोष असतो, आणि शोधला तर तो सापडतो.

आधी बाबांना विचार, ॲव्हरेज काढतात कसा. काट्यावरून काढत असतील तर तो आकडा सोडून दे. या गाडीची टाकी ३५ लिटरची, आणि काटा अर्ध्यावर आला म्हणजे साडेसतरा लिटर उरलं असं नसतं. एकाच पंपावर ऑटो कटपर्यंत (पंपाची नळी आपोआप बंद होईपर्यंत) टाकी फुल करायची, किलोमीटर लिहायचे, पुढच्या वेळी पुन्हा ऑटो कटपर्यंत भरायची, आणि जितके लिटर बसले त्याने भागायचं. तुझ्या मैल-गॅलनात १५ म्हणजे ३५ आणि १० म्हणजे साडेतेवीस, हे ध्यानात ठेवून बोल त्यांच्याशी.

आता मुद्द्याचं. तू शेवटी लिहिलंस ना, थंडीत आकडा आणखी पडतो, सगळी गोम तिथेच आहे. इथेनॉल बारा महिने तेवढंच असतं. प्लग खराब असेल तर तो ऋतू पाहत नाही. एसी तर उलट उन्हाळ्यात खातो. थंडीत जास्त पेट्रोल पिणारी गाडी म्हणजे इंजिन गरमच होत नाही. माझा संशय थर्मोस्टॅटवर (इंजिनाचं पाणी रेडिएटरकडे अडवणारी-सोडणारी झडप) आहे, आणि तो बिघडला असेल असंही नाही. तो जागेवर नसेलच.

आपल्या नागपुरात ही फार जुनी खोड आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो, गाडी रहाटे कॉलनीच्या सिग्नलवर तापते, आणि मेकॅनिक पहिलं काम कोणतं करतो तर थर्मोस्टॅट काढून फेकतो. "काका, आता पाणी मोकळं फिरेल, गाडी तापणारच नाही." गिऱ्हाईकही खूश. खरं तर तापण्याचं कारण बहुतेक वेळा रेडिएटरच्या जाळीतली माती, न फिरणारा पंखा, नाहीतर कूलंटच्या जागी भरलेलं नळाचं पाणी, यांतलं काहीतरी असतं. ते तसंच राहतं आणि एक चांगला भाग मात्र गाडीतून जातो.

थर्मोस्टॅट हा एक झडपेचा वॉल्व्ह आहे. इंजिन थंड असताना तो बंद राहतो, पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, म्हणून इंजिन पाच-सात मिनिटांत तापतं. साधारण ८२ अंशांच्या आसपास तो उघडतो (नेमका आकडा त्याच्या पितळेवर कोरलेला असतो) आणि मग पाणी रेडिएटरमधून फिरायला लागतं. तो काढला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं. बाबा जानेवारीच्या सकाळी त्रिमूर्ती नगरातून खामल्याला जातात, तेवढ्यात इंजिन कोमट होतं न होतं तोच गाडी बंद. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ते भिंतींना चिकटतं. म्हणून कॉम्प्युटर मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतो. सेन्सर सांगतो "अजून गार आहे", तो बिचारा सोडत राहतो. शिवाय जळलं नाही ते पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. ॲव्हरेजपेक्षा हे नुकसान मोठं.

घरच्या घरी तपासायची रीत सांगतो, एकही पाना लागत नाही. सकाळी गाडी रात्रभर उभी असताना बॉनेट उघडायचं, पंखा आणि पट्ट्यापासून हात आणि बाही लांब ठेवून सुरू करायची. इंजिनकडून रेडिएटरच्या वरच्या बाजूला एक जाड रबरी नळी जाते, तिला मधूनमधून हात लावायचा. थर्मोस्टॅट ठीक असेल तर ती नळी बराच वेळ गार राहते आणि मग एकदम गरम होते, हात काढावा लागतो. थर्मोस्टॅट नसेल किंवा उघडा अडकला असेल तर ती पहिल्यापासून हळूहळू कोमट होत जाते. बुटीबोरीला जाताना वर्धा रोडवर साठच्या वेगात तापमानाचा काटा खाली पडतो का, तेही विचार. गरम गाडीत रेडिएटरचं झाकण कोणीही उघडायचं नाही, बाबांनी तर नाहीच. वाफेने तोंड भाजलेली माणसं पाहिलीत मी.

दुसरा पुरावा बाबांच्या गाडीतच असेल. पीयूसीच्या जुन्या पावत्या काढायला सांग. त्यावर सीओचा (धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडचा) आकडा असतो. या वयाच्या गाडीला ०.५ टक्क्यांपर्यंत चालतो. दोन-तीन पावत्यांवर तो चढत गेला असेल तर गाडी रिच चालतेय, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातंय. जुने प्लग गॅरेजवाल्याने परत दिले असतील तर त्यांच्या टोकावर कोरडी काळी काजळी असेल, बोटाला लागेल अशी.

बाकी दोन गोष्टी. ब्रेक: सपाट रस्त्यावर न्यूट्रलमध्ये गाडी एका माणसाने ढकलली की सरकली पाहिजे. फिरवून आणल्यावर चारही चाकांच्या मधोमध हात जवळ न्यायचा. एक चाक इतरांपेक्षा जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक धरून आहे. कमी चालणाऱ्या गाडीत, पावसाळ्यानंतर, मागचे ड्रम आणि हँडब्रेकची केबल गंजून हे हमखास होतं. आणि हवा: ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर आकडा असतो, तो गार टायरात भरायचा. पंपावरचा पोऱ्या सगळ्यांना एकच आकडा भरतो, त्याच्यावर सोडू नका.

इंजिन ऑइल कोणतं टाकलं ते बिलावर बघ. "नागपूरच्या गर्मीत जाडंच बरं" म्हणून २०डब्ल्यू-५० ग्रेडचं जाड ऑइल टाकतात. कंपनीच्या पुस्तकात जो ग्रेड आहे तोच टाकायचा.

---

प्रेषक: न्यू जर्सी

काका, साष्टांग नमस्कार!

माझा मावसभाऊ रविवारी बाबांकडे गेला आणि व्हिडिओ कॉलवर तुम्ही सांगितल्याप्रमाणे सगळं केलं. वरची नळी सुरू केल्यापासूनच कोमट व्हायला लागली, एकदम गरम अशी झालीच नाही. दुसऱ्या मेकॅनिककडे नेलं, त्याने थर्मोस्टॅट बसतो ते घर उघडून दाखवलं. आत काही नव्हतं, मोकळी जागा. बाबांना आठवलं की मागच्या ते मागच्या उन्हाळ्यात गाडी तापली होती आणि "पाण्याचं काम" करून घेतलं होतं. जुन्या बिलावर एवढंच लिहिलंय. थर्मोस्टॅट काढल्याचं कोणी सांगितलंही नाही.

पीयूसीचंही तुम्ही म्हणालात तसंच. जुन्या पावतीवर सीओ ०.१८, नवीनवर ०.४६. पास होत होती म्हणून कोणाचं लक्ष गेलं नाही.

नवीन थर्मोस्टॅट बसवला. बसवायच्या आधी भावाने तो घरी आणला आणि आईच्या पातेल्यात पाणी उकळून त्यात दोऱ्याने सोडला. झडप उघडताना आईबाबा दोघांनी वाकून पाहिली. मागच्या डाव्या चाकाचा ब्रेकही धरून होता, ड्रम उघडून साफ केला. कूलंट नवीन भरलं. ऑइलला पेट्रोलचा वास येत होता, तेही बदललं.

दोन टाक्या झाल्या. ऑटो कट ते ऑटो कट, आता साडेतेरा मिळतोय. पंधरा झाले नाहीत. अजून काही राहिलं असेल का? बाबांना वाटतंय ऑक्सिजन सेन्सरही (धुरातला ऑक्सिजन मोजून कॉम्प्युटरला कळवणारा) बदलून टाकावा.

ताई, पेट्रोलची एक नळी खरंच चिरली होती, टाकीजवळची. बदलून घेतली. तुम्ही लिहिलं नसतं तर कोणी बघितलं नसतं.

---

प्रेषक: मेलबर्न

फार बरं वाटलं वाचून. आईला सांग, आता ते पातेलं चांगलं घासून घ्यायचं.

ऑक्सिजन सेन्सर आत्ता बदलू नका. पुढच्या पीयूसीत सीओ खाली आला तर सेन्सर आपलं काम करतोय. नाही आला तर मग त्याच्याकडे बघू, आणि तेव्हाही आधी तापमानाच्या सेन्सरचं कनेक्शन तपासायचं, कारण तो स्वस्त असतो आणि त्याची क्लिप सैल होते. पंधरापैकी एक ई-२० ने घेतला. राहिलेला अर्धा या वयाच्या इंजिनाला आणि खामल्याच्या गर्दीला सोडून द्यावा. साडेतेरा हा २००८ च्या गाडीचा, गावातल्या छोट्या फेऱ्यांचा आकडा म्हणून चांगला आहे.

फक्त एक काम राहिलंय आणि ते होळीच्या आधी करून घ्या. मूळ गाडी तापली का होती, ते अजून कोणी पाहिलेलं नाही. रेडिएटरची जाळी बाहेरून हलक्या पाण्याने धुवायची, जोराचा फवारा नको, पाती वाकतात. मग दुपारी उन्हात उभ्या गाडीत एसी लावून पंधरा-वीस मिनिटं इंजिन चालू ठेवायचं, काट्यावर डोळा ठेवायचा, आणि पंखा सुरू होतो का, थोड्या वेळाने बंद होतो का, ते भावाला उभं राहून पाहायला सांग. काटा चढायला लागला तर लगेच बंद करायची. पंखा फिरला नाही तर त्याची मोटर किंवा रिले बघायचा. हे आत्ता केलं नाही तर मे महिन्यात गाडी पुन्हा तापेल आणि कोणीतरी पुन्हा थर्मोस्टॅटच काढेल. त्या बिलावर बाबांच्या हाताने लिहून ठेवा: "थर्मोस्टॅट नवीन बसवला आहे, काढू नये."