कॅनडातली खरी उणीव देखरेखीची

कॅनडाचं बहुसांस्कृतिक धोरण म्हणजे नुसते सणसमारंभ, असं काहीजण म्हणतात, ते मला पटत नाही. १९८८च्या बहुसांस्कृतिकता कायद्याने केंद्र सरकारच्या संस्थांवर ठोस जबाबदाऱ्या टाकल्यात: नोकरीत समान संधी द्यायची, धोरणांसाठी आकडेवारी गोळा करायची, लोकांच्या भाषाज्ञानाचा उपयोग करून घ्यायचा. १९९०मध्ये आरसीएमपी या राष्ट्रीय पोलीस दलात शीख अधिकाऱ्यांना पगडीची मुभा मिळाली, तेव्हा केवढा विरोध झाला होता! तरी ती टिकली.

मला खटकतं ते वेगळंच. या कायद्याच्या अंमलबजावणीचा अहवाल मंत्री दरवर्षी संसदेत मांडतात खरा, पण त्यातली माहिती संस्थाच पुरवतात. इंग्रजी आणि फ्रेंच या राजभाषांसाठीच्या कॅनडाच्या राजभाषा कायद्याखाली तक्रारी तपासणारा स्वतंत्र आयुक्त आहे. बहुसांस्कृतिकता कायद्यात तशी तरतूदच नाही. ती करायलाच हवी.