अनुभव धागा : काम सुरू करायच्या आधी माणसं कशी जोडलीत?

नमस्कार मंडळी. आमच्या गावात (कराड तालुका) मुलींसाठी अभ्यासिका काढायचं आम्ही काही जणींनी ठरवलंय. पोलीस भरती, तलाठी, असल्या परीक्षांना बसणाऱ्या पोरी भरपूर आहेत पण घरात निवांत बसायला जागा नाही आणि तालुक्याला जावं तर संध्याकाळी परतीच्या एसटीचा भरवसा नाही. खोली मिळेल असं दिसतंय. सगळे म्हणतात आधी सुरू तर करा, चाललं की लोक आपोआप देतील. मला हे अजिबात पटत नाही. लाइटबिल कुणी भरायचं यावरून बंद पडलेली चांगली चांगली कामं आजूबाजूला दिसतात, आणि एकदा बंद पडलं की पुढच्या माणसाला त्या गावात कुणी वर्गणीसाठी दारात उभं करत नाही.

कर्मवीरांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली ती आमच्याच तालुक्यातल्या काले गावात. पुढे बोर्डिंगातल्या मुलांसाठी बायका घरोघरी मूठमूठ धान्य काढून ठेवायच्या, तो मुष्टिफंड. त्याच्याही आधी अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागत पैसाफंड उभा केला, टिळकांनी पाठबळ दिलं आणि १९०८ ला तळेगावात काचेचा कारखाना निघाला. मला यातला आकडा महत्त्वाचा वाटत नाही. ज्यानं मूठभर का होईना दिलं तो त्या कामाला 'आपलं' म्हणतो, हे महत्त्वाचं. तर तुम्ही हे आजच्या काळात कसं केलंत ते सविस्तर लिहा. संस्था, धंदा, मासिक, काहीही चालेल.

माणदेशी

ताई, आमच्या वाचनालयाचं सांगतो. आमच्या गावची निम्मी तरणी माणसं मुंबईत, बरीचशी माथाडीत, आणि ती सगळी एकदम भेटतात ती फक्त यात्रेला. म्हणून आम्ही यात्रेच्या आधी नुसती एक वही केली, दोन रकाने, एकात नाव आणि दुसऱ्यात 'मी काय देऊ शकतो'. पैसे हा शब्दच कुठं लिहिला नाही. देवळाच्या कट्ट्यावर वही ठेवली आणि दोन पोरं बसवली. एकानं लिहिलं चारी खिडक्यांचं ग्रिल, एकानं लिहिलं रंगाची मजुरी घेणार नाही, एका आज्जींनी नातवाकडून लिहून घेतलं की रोज सकाळी झाडून काढीन. पैसे देणारेही निघालेच, पण ते नंतर, वहीतली बाकीची नावं वाचून. आधी चाळून बघायचे, अरे ह्यानं पण दिलंय का, आणि मग पेन मागायचे.

दुसरं म्हणजे हिशोब. जमा-खर्चाचा कागद दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लागतो आणि त्याचाच फोटो गावच्या ग्रुपवर जातो, अगदी झाडूचे पैसेसुद्धा त्यात. वाचनालय उघडायच्या आधीपासून लावायला लागलो, तेव्हा तर खर्च असा काही नव्हताच, जमा तेवढी दिसायची. पण लोकांना कागद बघायची सवय लागली. आता लावायला उशीर झाला की मुंबईवरनं फोन येतो.

खिळेजुळारी

आमचं छोटं प्रकाशन आहे. मराठीत प्रकाशनपूर्व सवलत ही जुनी आणि फार चांगली पद्धत आहे, वाचक आधी पैसे भरतो, पुस्तक नंतर घरी येतं. पण अनोळखी माणसाला कुणी आधी पैसे देत नाही हो, म्हणून आम्ही प्रकाशनाचं नावसुद्धा ठरलं नव्हतं तेव्हापासून घरगुती वाचन सुरू केलं, दर महिन्याला कुणाच्या तरी हॉलमध्ये, सतरंजी आणि चहा एवढाच थाट. येणाऱ्याचं नाव, फोन आणि त्याला काय वाचायला आवडतं ते लिहून ठेवायचं. पहिलं पुस्तक करायची वेळ आली तेव्हा कुणाला फोन करायचा ते आम्हाला माहीत होतं आणि छापायच्या प्रती आम्ही त्या नोंदणीवरूनच ठरवल्या. सवलतीत आलेले पैसे वेगळ्या खात्यात ठेवा, त्यातून दुसरं काही भागवू नका आणि पुस्तकाला उशीर होणार असेल तर वाचकाने विचारायच्या आत आपण कळवा. यापुढे जाहिरात बिहिरात सगळं दुय्यम आहे.

रानजाई

वही आवडली!! आमच्या बचत गटाच्या पापड-मसाल्याला करून बघणार.

हिशेबनीस

कागदपत्रांचं लिहिते कारण उत्साहात ते मागे राहतं. दहाजणांकडून पैसे घ्यायचे तर ते कुणा एकाच्या वैयक्तिक जीपेवर नको. ट्रस्ट किंवा सोसायटी करून धर्मादाय कार्यालयात नोंदणी करा, सोसायटीला किमान सात सभासद लागतात आणि ते सात शोधणं हीच तुमची पहिली परीक्षा समजा. मग संस्थेचं पॅन, बँक खातं, मग प्राप्तिकर खात्याकडून संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी आणि देणगीदाराला करसूट देणारी नोंदणी (१९६१ च्या कायद्यातली १२ए आणि ८०जी), नव्या संस्थेला ते आधी तात्पुरतं मिळतं. देणगीदाराचा पॅन घ्यायला विसरू नका, वर्षाखेरी विवरण भरून त्याला प्रमाणपत्र द्यायचं असतं. दोन हजाराच्या वरच्या रोख देणगीवर ही करसूट मिळत नाही. आणि करात सूट मिळेल हे सांगून देणगी मागायचं आता कमी करा, नव्या कररचनेत बहुतेकांना ती घेताच येत नाही.

परदेशातल्या गाववाल्यांचं नीट समजून घ्या. भारतीय पासपोर्ट असलेल्यानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परदेशी देणगी धरत नाहीत. पण ज्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलंय, ओसीआय कार्ड असलं तरी, त्याच्याकडून एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही, आणि साधारणपणे ती नोंदणी तीन वर्षं काम आणि ठरावीक खर्च दाखवल्याशिवाय होत नाही. त्यामुळे गावातलाच मुलगा असला तरी आधी पासपोर्ट कुठला ते विचारायचं, त्यात संकोच नको.

न्यूजर्सीकर

हिशेबनीस म्हणतायत तसंच. माझं नागरिकत्व बदललंय त्यामुळे शाळेच्या लॅबला मी थेट देऊ शकत नव्हतो. मग वेळ दिला. दर शनिवारी, गावाकडे संध्याकाळ असते तेव्हा, नववीच्या मुलांना व्हिडिओवर इंग्रजी बोलायला शिकवतो. आमच्या बॅचचे भारतातले लोक ते बघून पुढे आले आणि लॅबचं सामान त्यांनी घेतलं. ताई, ज्यांच्याकडून पैसे घेता येत नाहीत त्यांना यादीतून काढू नका. तुमच्या मुलींच्या मुलाखतीची तयारी कुणीतरी करून घ्यायला हवीच ना, आम्ही आहोत.

ठाणेकर काका

मी देणाऱ्यांपैकी. रिटायर झाल्यावर दरवर्षी थोडं बाजूला काढतो, बरेच फोन येतात. ज्यांनी काम सुरू व्हायच्या आधी मला बोलावून जागा दाखवली, सल्ला विचारला आणि त्या दिवशी पैशाचं काढलंच नाही, त्यांना मी सगळ्यात जास्त दिलंय. "यथाशक्ती द्या" म्हटलं की मला काहीच सुचत नाही. "एका मुलीचं वर्षाचं वर्तमानपत्र आणि मासिकं एवढ्याचे पैसे द्या" असं सांगितलं की लगेच ठरवता येतं. आणि एक प्रश्न मी हमखास विचारतो, तुम्ही उद्या लग्न होऊन किंवा नोकरीला बाहेर गेलात तर किल्ली कुणाकडे? ताई, तुमच्या अभ्यासिकेची किल्ली कुणाकडे राहणार ते ठरलं की इथंच लिहा, माझं नाव वहीत धरा.