शब्दचर्चा : ट्यूशन म्हणजे शिकवणी की फी?

शेजारच्या वहिनींचा मुलगा फर्मागुडीला इंजिनियरिंग करतो, आता अमेरिकेतल्या युनिव्हर्सिट्यांचे फॉर्म भरतोय. तर वहिनी विचारत होत्या की फॉर्ममध्ये 'ट्यूशन वेव्हर' म्हणून काहीतरी आहे, म्हणजे तिकडे जादा क्लास लावावे लागणार नाहीत असं का? प्रश्न अगदी रास्त आहे हो, कारण आपल्याकडे म्हापशापासून काणकोणपर्यंत ट्यूशन म्हटलं की एकच अर्थ, शाळा सुटली की कुणाच्या तरी घरी जाऊन गणित-सायन्स शिकायचं. कोंकणीतसुद्धा 'भुरगें ट्यूशनाक गेलां' असंच म्हणतात.

तर अमेरिकेत ट्यूशन म्हणजे कॉलेजची शिकवण्याची फी, आणि वेव्हर म्हणजे ती माफ. हॉस्टेल, जेवणखाण, विमा हे सगळं त्यात धरलेलं असेलच असं नाही, ते वेगळं बघायचं. ब्रिटिश इंग्रजीत ट्यूशन म्हणजे शिकवणं, मुख्यतः एकट्याला किंवा थोड्या जणांना, आणि पैशांसाठी ते 'ट्यूशन फी' असा जोडशब्द वापरतात. आपण बोर्डावर लिहितो ते 'ट्यूशन्स' हे अनेकवचन मात्र आपलं इकडचं, कारण शिकवणी-शिकवण्या असं आपल्या तोंडात बसलेलं आहे.

मूळ लॅटिन, अर्थ राखण, सांभाळ. इंग्रजीत हा शब्द आला तेव्हाही सांभाळ असाच अर्थ होता, शिकवण्याचा अर्थ नंतर चिकटला आणि फीचा तर त्याच्याही नंतर. ट्यूटर त्याच घरातला. आणि इथे गोव्यातल्या लोकांना एक गोष्ट जवळची वाटेल, १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा जो मुक्तीनंतरही इथे चालू राहिला त्यात 'तुतोर' म्हणजे शिक्षक नव्हेच, आईबाप नसलेल्या अल्पवयीन मुलाचा कायदेशीर पालक. म्हणजे जुना अर्थ आपल्या कोर्टाच्या कागदांत राहिला. पोर्तुगीजमध्ये खाजगी शिकवणीला 'एश्प्लिकासांव' म्हणतात, शब्दशः समजावून सांगणं, आणि कॉलेजच्या फीला 'प्रोपिना', तोच शब्द ब्राझीलमध्ये लाच या अर्थाने चालतो त्यामुळे जपून. (जाता जाता, आपला सुतारकामाचा मेस्त्री पोर्तुगीज 'मेश्त्र'वरून आणि शाळेतला मास्तर इंग्रजीवरून, पण दोघांचं लॅटिन मूळ एकच.)

आता मराठी. मला शिकवणी हा शब्द फार आवडतो आणि तो मागे पडतोय याचं खरंच वाईट वाटतं. शिकवण आणि शिकवणी यात फरक फक्त एका ईकाराचा पण अर्थ किती लांब, तुकोबांची असते ती शिकवण, पाच वाजता मामींकडे असते ती शिकवणी. आणि क्रियापदं बघा, पालक शिकवणी 'लावतात', जसं दूध लावतो, पेपर लावतो, डबा लावतो, म्हणजे रोजची बांधून घेतलेली गोष्ट. शिकवणारी बाई शिकवण्या 'घेते' किंवा 'करते', शिकवण्या करून मुलांना मोठं केलं असं आपण कितीतरी बायकांबद्दल आदराने बोलतो. हे सगळं ट्यूशन या शब्दात येत नाही. क्लास म्हटलं की तीसचाळीस मुलं आणि माईक, कोचिंग म्हटलं की नीट-जेईई. शिकवणी म्हणजे ओसरीवर चारपाच पोरं, एकाचं पाढे म्हणणं चाललंय, दुसरा शुद्धलेखन काढतोय, आणि बाई मध्येच उठून कुकर बंद करून येतात.

फीसाठी शिक्षणशुल्क हा शब्द आहे, सरकारी वाटतो पण अर्थाला पक्का आहे. 'शिकवणी शुल्क' असं भाषांतर कुठे कुठे दिसतं ते मला बरोबर वाटत नाही, त्याने घोळ होतो. घोळ नुसता बोलण्यापुरता नाही, पैशाचा आहे. आयकर कायद्याच्या ८०सी कलमात जुन्या कररचनेत मुलांच्या 'ट्यूशन फी'ची वजावट मिळायची, ती दोन मुलांपर्यंत, पूर्णवेळ शिक्षणासाठी शाळा-कॉलेजला भरलेली फी. घरच्या शिकवणीचे किंवा कोचिंगचे पैसे त्यात बसत नाहीत, डोनेशन आणि डेव्हलपमेंट फीसुद्धा नाही. पण शब्द तोच असल्यामुळे लोक क्लासची पावती जोडायला निघतात. तिथे शिक्षणशुल्क असं लिहिलेलं असलं तर कोणाला विचारायलाच नको.

आणि हो, हिंदीच्या नादाने शिक्षणाला शिक्षा म्हणू नका, मराठीत शिक्षा म्हणजे छडी.

पेडणे, सत्तरी, डिचोलीकडच्या मंडळींनी सांगा, तुमच्याकडे घरात अजून शिकवणीच म्हणतात का, आणि पोर्तुगीज काळात शिकलेले कोणी आजीआजोबा असतील तर ते खाजगी शिकवणीला काय म्हणायचे तेही विचारून लिहा.